वीस ग्रॅमचा हात

माणसाच्या तोंडात अठ्ठावीस दात असले, की मला एकशे अडुसष्ट आकडे लिहावे लागायचे. अक्कलदाढा धरून पूर्ण बत्तीशी असली तर एकशे ब्याण्णव. कर्जतच्या एका दातांच्या दवाखान्यात हे काम मी सव्वीस वर्षं केलं. या अंकाच्या संपादकबाईंनी मला लिहायला सांगितलं, कारण त्यांची अक्कलदाढ काढताना मी शेजारी उभी होते आणि त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की दोन दिवस मला लाटणं धरवेना. त्या ओळखीवर हा लेख.

मी डॉक्टर नाही. बारावी झालेली, भिसेगावात राहणारी बाई. नाव शमीम. माहेर खोपोलीकडचं, सासरचे मूळ श्रीवर्धनकडचे, पण दोन पिढ्या इथेच. लग्नानंतर चार वर्षांनी दवाखान्यात लागले, तेव्हा वाटलं होतं, फोन घ्यायचा, नावं लिहायची, संपलं. पहिल्याच आठवड्यात आमच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या हातात पेन्सिल आणि एक छापील कार्ड दिलं. कार्डावर वरच्या दातांची ओळ, खालच्या दातांची ओळ, आणि प्रत्येक दाताभोवती सहा चौकोन. "मी बोलेन ते लिहायचं," त्या म्हणाल्या, "आणि समजलं नाही तर विचारायचं. अंदाजाने लिहायचं नाही."

हे आकडे कशाचे ते सांगते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. निरोगी तोंडात ती दोन-तीन मिलिमीटर खोल. दात नीट घासले नाहीत, किटण साचलं, की हिरडी सुजते, दातापासून सुटू लागते, खालचं हाड झिजतं आणि फट खोल होत जाते. तिला दवाखान्यात पॉकेट म्हणतात. चार आलं की सावध व्हायचं, पाचच्या पुढे आजार. गंमत अशी, की हा आजार दुखत नाही. दात किडला तर माणूस रात्रभर येरझारा घालतो. हिरडी गेली तर त्याला कळतं ते दात हलायला लागल्यावर.

हे मोजायला एक काडी असते. स्टीलची, सुईसारखी बारीक पण टोकाला बोथट, आणि तिच्यावर मिलिमीटरच्या काळ्या पट्ट्या. ती फटीत अलगद सोडायची, तळाला टेकली की पट्टी वाचायची. एका दाताला सहा जागी. मॅडम बोलायच्या, "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार, रक्त." रक्त म्हटलं की मी चौकोनात लाल टिंब द्यायची. ऐकायला सोपं आहे. सगळी मेख काडी किती दाबायची यात आहे. कमी दाबली तर ती वरच अडकते आणि आजारी हिरडी चांगली दिसते. जास्त दाबली तर हिरडीत घुसते आणि चांगली हिरडी आजारी दिसते. बरोबर दाब साधारण वीस ग्रॅमचा.

आता वीस ग्रॅम हाताला कसे कळणार? आमच्या दवाखान्याशेजारी सोनाराचं दुकान होतं. दर सोमवारी सकाळी मॅडम काडी रुमालात गुंडाळून तिथे जायच्या, काट्याच्या ताटलीवर काडीचं टोक टेकवायच्या आणि डोळे मिटून दाबायच्या. मी आकडा वाचायचा. एकोणीस. वीस. बावीस. लागोपाठ दहा वेळा एकोणीस ते एकवीसच्या आत आलं, की रुमाल गुंडाळून परत. ज्या सोमवारी जमायचं नाही त्या सोमवारी पेशंट बाहेर थांबायचे. सोनारकाका गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्याकडं सोनं न घेता रोज येणारं हे एकच गिऱ्हाईक हाय." रोज नाही, सोमवारीच, पण त्यांना तेवढं वाढवून सांगायची सवय होती.

मी त्यानंतर पुष्कळ डॉक्टर पाहिले, मुंबईहून शनिवार-रविवार येणारे तज्ज्ञही पाहिले. आपला हात दर आठवड्याला दुसऱ्याच्या काट्यावर ठेवणारं दुसरं कुणी पाहिलं नाही. मला त्या बाईचा अभिमान होता आणि आहे.

पेशंट तऱ्हेतऱ्हेचे. रमजानमध्ये आमच्यातल्या बायका विचारायच्या, "काडीनं रगत आलं आन् गिळलं गेलं तर रोजा तुटंल का गं?" मी सांगायची, मौलवींना विचारायच्या भानगडीत पडूच नका, रोजे झाल्यावर या, हिरडी महिनाभर थांबते. श्रावणातल्या सोमवारीही हाच प्रश्न, फक्त माणसं वेगळी. तेव्हा मी कॅलेंडरवर दोघांचेही उपास लिहून ठेवायला लागले. एक मास्तर तर तपासणीआधी तीन दिवस इतके जोरात दात घासायचे, की हिरड्या सोलून यायच्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास करणाऱ्या मुलांना आयुष्यभर रागावलेले गृहस्थ.

आणि मशेरीवाल्या बायका. घाटाकडच्या वाड्यांमधून येणाऱ्या बहुतेक जणी मशेरी लावणाऱ्या. ठाकुरवाडीच्या एक आजी अभिमानानं म्हणाल्या, "माज्या हिरडीतनं कदी रगत नाय येत बाय. मशेरीनं घट्ट हायेत." खरंच रक्त यायचं नाही. हिरडी फिकी, घट्ट. मॅडमनी काडी सोडली आणि ती सातपर्यंत गेली. मागाहून मला समजावलं, की तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो, म्हणून आजार आत वाढतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. "रक्तावर जायचं नाही शमीम, काडीवर जायचं."

मग मशीन आलं. कंपनीच्या माणसाने ते वापरून बघायला म्हणून ठेवलं होतं. पेनाएवढी दांडी, तिला वायर, वायर संगणकाला. दांडीच्या टोकाला तशीच काडी, पण आत स्प्रिंग; कुणीही धरा, दाब तोच. काडी तळाला टेकली की पायाखालचं बटण दाबायचं, आकडा आपोआप कार्डावर उमटतो आणि आतली बाई तो इंग्रजीत बोलून दाखवते. पेन्सिल नको, लिहिणारी नको. मॅडम हसून म्हणाल्या, "ही बघ नवी शमीम." मी त्या दिवशी त्यांचा चहा गार होऊ दिला.

पहिल्या आठवड्यात मॅडमनी प्रत्येक पेशंटला दोन्हींनी मोजलं. आधी मशीन, मग हात. मी दोन्ही कार्डं शेजारी ठेवायची आणि सांगायला हरकत नाही, मला मशीन हरायला हवं होतं. ते हरतही होतं. ठाकुरवाडीच्या आजींच्या दाढेला मशीन तीन म्हणालं, मॅडमचा हात सात म्हणाला. आत किटणाचा थर होता. मशीनची काडी त्यावर अडकली आणि तिला वाटलं तळ आला. मॅडम म्हणाल्या, "हे तळाला लागल्यासारखं नाही, दगडाला लागल्यासारखं वाटतंय," आणि काडी किंचित तिरकी करून किटणाच्या कडेने खाली नेली. असं पाच-सहा तोंडांत झालं. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की ते मशीन काही टिकत नाही.

मारुतीदादा आले ते गणपतीनंतरच्या आठवड्यात. पळसदरीच्या बाजूचे, घरी भातशेती, पण खरा जीव बँडमध्ये. खालापूरच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. बँडमध्ये ढोल, ताशे, ट्रंपेट सगळं असतं, पण गाणं म्हणायचं काम क्लॅरिनेटचं. आणि क्लॅरिनेटवर वरचे पुढचे दात टेकवावे लागतात. सहा फूट उंच माणूस, भरघोस मिशी, वरातीत घोड्यालाही बाजूला सारणारा. पण काडी पाहिली की डोळ्यांत पाणी. तक्रार करायचे नाहीत. खुर्चीचे हात धरून छताकडे बघत पडायचे. मॅडमच्या मुलीच्या लग्नात त्यांनी मॅडमच्या वारलेल्या वडिलांचं आवडतं गाणं वाजवलं होतं, कुणी न सांगता. सहज कधीतरी बोलण्यात आलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. तेव्हापासून त्यांचं नाव आलं की मॅडम बाहेर येऊन त्यांना आत घेऊन जायच्या.

त्या दिवशी बायको बरोबर होती, सुलोचनावहिनी. मारुतीदादा म्हणाले, "इसर्जनाला वाजवताना वरचा दात हालला वो. सूर फाटला. लोकांना वाटलं, पिऊन आलाय."

मॅडमनी मशीन लावलं. वरच्या पुढच्या चार दातांना आतली बाई म्हणाली, सात. आठ. सात. मी जुनं कार्ड काढलं. तीन वर्षांत तीन वेळा मोजलेलं, सगळीकडे माझ्याच अक्षरात चार.

"मशीन चुकतंय मॅडम," मी म्हणाले. "परवा आजींना तीन दाखवलं होतं की."

"परवा कमी दाखवलं होतं," मॅडम म्हणाल्या. "अडकलं की कमीच दाखवणार. जास्त कसं दाखवेल?"

त्यांनी हातात काडी घेतली. मारुतीदादांनी छताकडे नजर लावली. काडी आत गेली आणि मॅडम म्हणाल्या, "चार." पुढची जागा. "चार."

मला इथे थांबून एक कबूल करायचं आहे. मी पेशंटच्या पायांकडे उभी असायची. मारुतीदादांच्या पायाची बोटं आखडायची, ते मला दिसायचं. आणि ती आखडली की त्याच क्षणी मॅडमचा आकडा यायचा. हे मी तीन वर्षं पाहत होते. मनात यायचं, की या एका पेशंटला सगळीकडे चारच कसं काय येतं? कुठे तीन, कुठे पाच असं काही नाही. पण मॅडम आकडा सांगतात आणि मी लिहिते, हे आमचं ठरलेलं होतं. दर सोमवारी काट्यावर जाणाऱ्या हाताला मी काय शहाणपण शिकवणार? समजलं नाही तर विचारायचं, असं पहिल्या आठवड्यात मला सांगितलेलं होतं आणि मी विचारलं नाही. याची टोचणी मला अजून आहे.

त्या दिवशी विचारलं. म्हणजे सांगितलं. "मॅडम, ते पायाची बोटं आखडतात ना, तेव्हा तुमचा हात थांबतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. काडी ट्रेमध्ये ठेवली, हिरडी बधिर करायचं इंजेक्शन भरलं. पाच-सात मिनिटं थांबलो. मारुतीदादांना आता काही दुखणार नव्हतं, बोटं सैल पडली होती. मॅडमनी परत काडी सोडली. "सात," त्या म्हणाल्या. "आठ. सात. सात." मी लिहिलं. आकडे चार येत होते म्हणून नवा एक्स-रे काढलेला नव्हता, तो काढला. चारही दातांखालचं निम्मं हाड गेलेलं होतं.

सोनाराच्या काट्यावर वीस ग्रॅम भरणारा हात या एका तोंडात दहा ग्रॅमसुद्धा दाबत नव्हता. ही चूक अडाणी डॉक्टरच्या हातून होत नाही, तो सगळ्यांनाच सारखा दाबतो. जो हात समोरच्याचं दुखणं ओळखतो त्याच्याच हातून ती होते.

मॅडमनी खुर्ची सरळ केली, मास्क काढला आणि दोघांसमोर स्टूल ओढून बसल्या. "मारुतीदादा, माझी चूक झाली. तुम्हाला दुखेल म्हणून मी तीन वर्षं काडी पूर्ण आत जाऊच दिली नाही. आजार तेव्हाच धरला असता, तर एवढं हाड गेलं नसतं."

सुलोचनावहिनी म्हणाल्या, "मग तीन वर्सं आमी कशाला येत व्हतो?"

वहिनी पुढे म्हणाल्या, "तुळशीची लग्नं झाली की सीझन लागतो. ह्यांचे दात गेले तर बँडवाला दुसरा मानूस घेईल. ह्यांना घरात बसवून मी काय करू? ह्यांना दुसरं काय येतं?"

"तू थांब गं," मारुतीदादा म्हणाले. ओठ बधिर असल्यामुळे शब्द वाकडे येत होते. "डॉक्टरीणबाय, दात र्‍हातील का ते सांगा."

"सगळे राहतील असं म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण मी सोडणार नाही."

पुढचे अडीच महिने मॅडम जशा झटल्या, तसं मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. मारुतीदादांची साखर तपासून घेतली, ती वाढलेली निघाली. त्याचं औषध सुरू झालं. हिरडी बधिर करून आतपर्यंतची सफाई, चार बैठकांत. हलणारे दात मागून बारीक तारेने एकमेकांना बांधले. मुंबईचे हिरड्यांचे तज्ज्ञ शनिवारी यायचे, त्यांना बोलावून छोटी शस्त्रक्रिया केली आणि मॅडम स्वतः मदतनीस म्हणून उभ्या राहिल्या, तोंडातलं रक्त-पाणी ओढणारी सक्शनची नळी धरून. क्लॅरिनेट पूर्ण बंद. मारुतीदादा दर गुरुवारी यायचे आणि खुर्चीत बसल्यावर बोटं मांडीवर नाचवत राहायचे. गाणी विसरू नयेत म्हणून, असं म्हणायचे.

चारातला एक दात गेला. कडेचा. तो काढला त्या दिवशी वहिनींनी तो कागदात बांधून नेला आणि मॅडमशी एक अक्षर बोलल्या नाहीत. दिवाळीत एका जुन्या बँडमास्तरांनी मारुतीदादांना सांगितलं, की वरचा ओठ दातांवर दुमडूनही क्लॅरिनेट धरता येतं. जुने लोक तसंच धरायचे, ओठ दुखतो पण दातांवर भार येत नाही. मॅडमनी तज्ज्ञांना विचारून परवानगी दिली. पहिले पंधरा दिवस, मारुतीदादांच्या शब्दांत, "रेडकू हंबरतंय" असा आवाज निघत होता.

तुळशीच्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजणी झाली. मशीनने आणि हाताने, दोन्ही. मॅडमनी मला सांगून ठेवलं होतं, "तू त्यांच्या पायांकडे बघ. मी थांबले असं वाटलं तर बोल." मारुतीदादांची बोटं आखडली. हात थांबला नाही. "तीन," मॅडम म्हणाल्या. "चार. तीन. तीन." मशीनमधली बाईही तेच म्हणाली. मॅडमच्या कपाळावर घाम होता. मारुतीदादांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "दुखलं," ते म्हणाले, "पन आता बरोबर दुखलं."

त्या सीझनला ते वाजवत होते. पहिल्या हळदीचं आमंत्रण सुलोचनावहिनी स्वतः घेऊन आल्या, त्यांच्या पुतणीचीच हळद होती. मॅडमच्या हातात पत्रिका देत त्या म्हणाल्या, "या." एवढंच. मॅडम गेल्या, मीही गेले. मारुतीदादांनी ओठ दुमडून क्लॅरिनेट धरलं होतं, आवाज पूर्वीपेक्षा थोडा मऊ होता. वहिनींनी मॅडमना पुढच्या खुर्चीत बसवलं आणि आपण मागे उभ्या राहिल्या.

मशीन मॅडमनी ठेवून घेतलं. हाताला काट्यावर न्यायचंही सोडलं नाही. ज्या दिवशी मारुतीदादांच्या बाबतीतली चूक उघडी पडली, त्याच संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी मला एक कागद दिला होता. "ही माणसं मला जवळची आहेत," त्या म्हणाल्या. "यांच्या तोंडातही माझा हात हलका पडला असणार. सगळ्यांना परत बोलव." अकरा नावं होती. त्यांची मोठी बहीण, कॉलेजातले सर, सोनारकाका, अशी. दहा जणांना मी फोन केले. सहा जणांचे आकडे वाढलेले निघाले, पण वेळेवर सापडले. मॅडमनी प्रत्येकाला तोंडावर सांगितलं, की चूक माझी.

अकरावं नाव, खरं तर यादीतलं पहिलंच, माझं होतं. मी स्वतःला फोन काय करणार? टाळत राहिले. मॅडम वर्षातून एकदा माझे दात बघायच्या, मी खुर्चीतच मांडीवर कार्ड घेऊन आकडे लिहायची, आणि शेवटी त्या म्हणायच्या, "तुझं उत्तम आहे." जानेवारीत एका दुपारी पेशंट नव्हता. मॅडमनी ती यादी काढली आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस गं."

मी बसले. इतकी वर्षं त्या खुर्चीशेजारी उभी राहिले, पण लिहायला मी नसताना ती खोली किती शांत असते हे मला माहीत नव्हतं. मॅडम मशीन लावत गेल्या. तीन, तीन, दोन. खालच्या उजव्या शेवटच्या दाढेला आतली बाई म्हणाली, सिक्स. मॅडमनी माझं जुनं कार्ड घेतलं. त्या जागी, माझ्याच अक्षरात, तीन होतं. त्यांनी पेन्सिल उचलली आणि तीन खोडून स्वतःच्या हाताने सहा लिहिलं.

"शमीम, चुकलंच गं माझं."

मॅडम सव्वीस वर्षांत मला कधी तोंडावर चांगलं म्हणाल्या नाहीत. त्यांचा तो स्वभावच नव्हता. ईदला शीरखुर्मा नेला की डबा धुऊन परत द्यायच्या आणि "साखर जास्त झाली" म्हणायच्या. मी त्यांची कोण, हे मला कळायला काही मार्ग नव्हता. तो त्या दिवशी कार्डावर सापडला. त्यांचा हात माझ्या तोंडात पूर्ण तीन मिलिमीटर अडखळला होता, मारुतीदादा सोडले तर सगळ्यांत जास्त.

ती दाढ पुढच्या वर्षी काढावी लागली. मला तिचं फारसं वाईट वाटलं नाही.